ना हरकत

संस्थेच्या सचिवांनी मला पीएच.डी. करायला सांगितलं, तेव्हा सिन्नरच्या पुढे एका गावातल्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका होऊन मला सहा वर्षं झाली होती. संस्थेला बी.एड. कॉलेज काढायचं होतं. त्याला प्राचार्य लागतो आणि प्राचार्य पीएच.डी. झालेला लागतो.

"मॅडम, तुमचं एम.एड. आहेच," ते म्हणाले. "शैक्षणिक नेतृत्व की व्यवस्थापन असा काहीतरी विषय असतो ना? तो घ्या. तीन-चार वर्षांत होऊन जाईल."

मी बरं म्हणाले. का, कशासाठी, मला जमेल का, यातलं काहीच मनात आलं नाही. त्या काळात मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. सकाळी नाशिकला द्वारका चौकात सिन्नरची बस पकडायची, तिथून जीपने शाळेवर जायचं, दिवसभर कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरायची. पोषण आहार किती मुलांनी खाल्ला, किती जणांचे आधार जुळले, स्वच्छतागृहाचे फोटो चढवले की नाही. संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी. मी दुःखी नव्हते. जेवत होते, झोपत होते. पण आमच्या शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक निवृत्त झाले, त्या दिवशी अख्खा स्टाफ रडत होता आणि मी व्यासपीठावर बसून मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या मोजत होते. या माणसाने मला पहिल्या वर्षी सांभाळून घेतलं होतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, मला रडूच आलं नाही." तो म्हणाला, "थायरॉइड तपासून घे." तपासलं. नॉर्मल निघालं.

अर्जाची तयारी त्यानेच जास्त केली. कंपनीतून निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं आणि हाताला काम हवं होतं. माझ्या सगळ्या गुणपत्रिका त्याने स्कॅन केल्या, वेबसाइटला हव्या तेवढ्या छोट्या करून चढवल्या. अडलं ते नावावर. पदवीपर्यंतच्या कागदांवर माझं माहेरचं नाव, नंतरच्या कागदांवर सासरचं. तहसीलच्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "नाव कधी बदललं?"

"लग्नात."

"पुरावा?"

लग्नाची नोंदणी आम्ही कधी केलीच नव्हती. लग्नपत्रिका होती. ती त्याने उलटसुलट करून पाहिली आणि राजपत्राचा अर्ज पुढे सरकवला. प्रतिज्ञापत्रावर मला लिहून द्यावं लागलं की या दोन्ही नावांची बाई एकच आहे. मी सही केली.

प्रवेश परीक्षा शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, संगणकावर होती. माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या मुलाच्या वयाची मुलं बसलेली. नेतृत्वाचे प्रकार, प्रेरणेचे सिद्धांत, आणि एक प्रश्न असा, की आणीबाणीच्या प्रसंगी शालेय नेत्याने सर्वप्रथम काय करावे. चार पर्याय होते. मी 'परिस्थितीचे आकलन' निवडलं. दीड महिन्याने निकाल लागला. पास झाले होते. नवऱ्याने दोन-तीन नातेवाइकांना फोन करून सांगितलं. मी शेजारी बसून भेंडी चिरत होते.

मग मार्गदर्शक शोधायची वेळ आली. शहरातल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या एक प्राध्यापक बाई होत्या. त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे, असं कळलं. माझा संशोधन आराखडा घेऊन गेले. विषय होता, 'मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शाळेच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम'. बाईंनी पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं आणि कागद टेबलावर ठेवले.

"हा आराखडा मी खूपदा वाचलाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतं. तुमचा म्हणावा असा यात काय आहे?"

मी शीर्षक पुन्हा एकदा वाचलं.

"सहा वर्षं मुख्याध्यापक आहात. एखादा निर्णय असेल ना, जो अजून आठवतो? चांगलाच पाहिजे असं नाही."

मला वाटलं होतं की मी शाळेला मिळालेल्या मानांकनाबद्दल बोलेन. तोंडून निघालं ते दुसरंच. ते मी तोपर्यंत नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात तपासणी समिती येणार होती. समिती यायची त्या सकाळी नववीच्या वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, त्या मुलीची सुपारी फुटलीय. पंधरा दिवसांवर लग्न आहे." मुलगी पंधरा वर्षांची. शास्त्रात हुशार. वडील दुसऱ्याच्या मळ्यात वाट्याने भाजीपाला करायचे. तासाभराने वडील मुलीला घेऊन आलेच.

"दाखला पाह्यजे मॅडम. हिला मामाकडं ठेवायची विंचूरला. तिकडच्या शाळंत घालतो."

"वर्ष मधेच आहे. परीक्षा होऊ द्या की," मी म्हणाले.

"नाय जमणार. दाखला द्या."

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर बालविवाह रोखण्याचं पोस्टर होतं, खाली फोन करायचा नंबर. ते मीच लावून घेतलं होतं, समितीला दिसावं म्हणून. ग्रामसेवकाला कळवायचं असतं हे मला माहीत होतं. ग्रामसेवकाचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. पण बाहेर व्हरांड्यात रांगोळी चालू होती, अभिलेखांच्या फाइली अर्ध्याच लावून झाल्या होत्या, आणि पालकाने लेखी अर्ज दिला की दाखला अडवता येत नाही हा नियम मला तोंडपाठ होता. क्लार्कने दाखला तयार करून आणला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'पालकांची विनंती'. मी सही केली, शिक्का मारला.

मुलगी दाराशी उभी होती. दाखला न्यायला आलेली असूनही गणवेश घालून आली होती. तिने विचारलं, "मॅडम, शास्त्राचं जर्नल जमा करू का?"

मी म्हणाले, "हो, बाईंकडे दे."

एवढंच. दुपारी समिती आली. शाळेला चांगले गुण मिळाले.

हे सगळं मी बाईंना पत्रकं वाचून दाखवावीत तसं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मग आता कुठे आहे ती?"

"विंचूरला असावी."

"असावी?"

"चौकशी केली नाही मी."

"आधी तिला भेटून या," त्या म्हणाल्या. "आराखड्याचं नंतर बघू."

मी बाहेर पडले. रिक्षा न करता चालत निघाले आणि घर आलं तेव्हा लक्षात आलं की हातातली फाइल मी त्यांच्या टेबलावरच विसरले आहे.

पुढच्या रविवारी नववीच्या त्याच वर्गशिक्षिकेला बरोबर घेतलं. मुलीच्या सासरचा पत्ता तिनेच काढला होता. निफाडवरून विंचूरला उतरलो आणि विचारत विचारत गावाबाहेरच्या एका वस्तीवर गेलो. अंगणात कांद्याचा ढीग पडला होता आणि दोन बायका समोरासमोर बसून तो निवडत होत्या, चांगला एकीकडे, दुभाळका आणि नासका दुसरीकडे. वाऱ्याने साली उडत होत्या. त्यातली तरुण बाई आम्हाला बघून उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावर ओढला. मी तिला ओळखलं नाही. वर्गशिक्षिकेने ओळखलं.

"मॅडम, तुमी इकडं कुठं?" ती म्हणाली.

मी म्हणाले, सहज आलो होतो या बाजूला. विंचूरला रविवारी कोणी सहज येत नाही, पण तिने ते चालवून घेतलं. सासूने पोत्यावर बसायला जागा करून दिली. मी मनाशी एक कडक सासू ठरवून आले होते. ही बाई माझ्याहून वयाने लहान निघाली, बडबडी, आणि आम्ही शाळेच्या आहोत हे कळल्यावर तिने लगेच बोलायलाच सुरुवात केली:

"बरं झालं बाई तुमी आल्या. आमच्या पोराला दहावी निघाली नाय, आता टेम्पो चालवतो. हिला म्हणते, तू तरी दे. लय हुशार हे म्हणत्यात. शाळंत धाडायला नाय जमायचं, पण ते घरी बसून देत्यात ना, सतरा नंबर का काय?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. मी मान हलवली. म्हणाले, "भरता येतो."

"आमी गेलतो चौकशीला. दाखला मागत्यात. अन् हिच्या बापानं तो कुठं घालवला देव जाणे."

चहा झाला. निघताना मुलगी आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वर्गशिक्षिका पुढे होती. मुलगी माझ्या बरोबरीने चालत होती आणि समोर बघतच म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं होतं तुमी नाय म्हणाल."

मी बस दिसते का ते पाहिलं.

"आईला सांगून आलते मी. म्हणलं, आमच्या मॅडम दाखला द्यायच्या नायत."

"नियमाप्रमाणे अडवता येत नाही गं," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली.

बस आली. तिने हात हलवला नाही, पण बस वळेपर्यंत तिथेच उभी होती. वर्गशिक्षिका खिडकीशी बसून रडत होती. मी तिला पाण्याची बाटली दिली. निफाड येईपर्यंत मी वाट पाहिली की आता मला काहीतरी वाटेल. उसाची शेतं गेली, द्राक्षांचे मांडव गेले. पोटात फक्त चहा जास्त झाल्याची जळजळ होती.

तक्रार मी तेव्हा केली नाही, आणि नंतरही नाही. आता केली तर तिचाच संसार उघड्यावर येईल, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं असेलही. पण तेव्हा, पंधरा दिवस हातात असताना, हे कारण नव्हतं.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी जनरल रजिस्टर काढायला लावलं. मूळ दाखला हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र घेऊन दुय्यम प्रत देता येते. तिची सासू निफाडला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आली, शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत गेली, परत आली. क्लार्कने लाल शाईने वर 'दुय्यम प्रत' लिहिलं. दुय्यम प्रतीत रजिस्टरमधलंच जसंच्या तसं उतरवावं लागतं. कारणाच्या रकान्यात पुन्हा 'पालकांची विनंती' आलं. मी पेन हातात धरून थोडा वेळ बसले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, बदलता नाही येणार." मला ते माहीत होतं. सही केली.

तिचा फॉर्म माझ्या नवऱ्याने भरला. माझे कागद चढवून त्याचा हात बसला होता.

माझा नवा आराखडा लिहायला महिना लागला. विषय असा झाला: 'मुलींनी मधेच शाळा सोडताना माध्यमिक मुख्याध्यापकांनी घेतलेले निर्णय'. सिन्नर आणि निफाड या दोन तालुक्यांतल्या शाळा घ्यायच्या, मुख्याध्यापकांच्या मुलाखती घ्यायच्या. बाईंनी तो लाल पेनने तीन वेळा खोडला आणि चौथ्यांदा म्हणाल्या, "जाऊ द्या आता."

अर्जाबरोबर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र जोडायचं होतं. सचिवांनी विषय वाचला आणि चष्मा काढला.

"हे कशाला मॅडम? ताणतणावाचं व्यवस्थापन घ्या. डिजिटल क्लासरूम घ्या. किती विषय आहेत."

"मार्गदर्शकांनी हाच मान्य केलाय, साहेब."

"आपल्याच शाळेचं नाव येणार यात."

"नावं येत नाहीत. शाळांना क्रमांक देतात."

"लोकांना कळतं हो. या भागात कोणता क्रमांक कोणाचा, हे पानवालाही सांगेल."

फाइल त्यांच्याकडे तीन आठवडे पडून राहिली. अर्जाची मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी शाळा सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात गेले आणि बसले. ते म्हणाले, उद्या बघू. मी म्हणाले, "साहेब, सही होणार नसेल तर हरकत नाही. मग मी अर्ज करत नाही. बी.एड. कॉलेजसाठी दुसरं कोणी बघा."

पुढे ही गोष्ट स्टाफमध्ये माझं धाडस म्हणून पसरली. धाडसाला आधी भीती वाटावी लागते. मला एवढंच वाटलं होतं की सहाची बस चुकेल. सचिवांनी सही केली आणि खाली हाताने एक ओळ वाढवली: 'सदर अभ्यासात आमच्या संस्थेच्या शाळेचा समावेश करू नये.' मी तो कागद घेतला आणि आभार मानले.

विद्यापीठातल्या मुलाखतीला समितीत पाच जण होते. एसी इतका गार होता की मी पदर अंगाभोवती घेतला. दहा स्लाइड होत्या, त्या मी न अडखळता दाखवल्या. संबंधित साहित्य, साधनं, मर्यादा. प्रश्नही नेहमीचेच आले. मग कोपऱ्यातल्या एका सरांनी विचारलं, "तुम्ही स्वतः मुख्याध्यापक. दुसऱ्या मुख्याध्यापकांचे निर्णय तपासणार. तटस्थ राहू शकाल?"

मी म्हणाले, "सर, मी तटस्थ राहिले होते. म्हणूनच हा विषय घेतलाय."

त्यांना समजलं नाही. मग मी मुलीची गोष्ट सांगितली, चार-पाच वाक्यांत. पोस्टर, दाखला, सही. ती आता विंचूरला कांदा निवडते. ती सांगताना माझा आवाज पहिल्यांदा जरा वेगळा लागला आणि मला वाटलं आता थांबावं लागेल. पण ते तेवढ्यावरच राहिलं. समितीतल्या एका मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग अध्यक्षांनी घसा साफ करून विचारलं, "नमुना निवड कोणत्या पद्धतीने करणार?" मी ते सांगितलं.

दोन महिन्यांनी यादी लागली. माझं नाव होतं. पुढे शेरा होता की शीर्षकातला 'निर्णय' हा शब्द काढून 'दृष्टिकोन' घालावा. मार्गदर्शक बाईंना फोन केला.

"घाला," त्या म्हणाल्या. "आत काय लिहायचं ते आपल्या हातात आहे."

आता दर शनिवारी दुपारी कोर्सवर्क असतं. पहिल्या तासाला सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला काकू म्हणावं की मॅडम, याच्या पेचात असते. बी.एड. कॉलेजचा प्रस्ताव कुठेतरी अडकला आहे आणि सचिव त्याबद्दल बोलायचे थांबले आहेत. मीही विचारत नाही. मला पूर्वीसारखं सगळं वाटायला लागलं का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणावं लागेल. कधी कधी बसमध्ये एकदम छातीत जड होतं, पाच-दहा मिनिटं टिकतं आणि जातं. डॉक्टरकडे गेलेले नाही. यावेळी ते तपासून घ्यावंसं वाटत नाही.

विंचूरच्या मुलीला परीक्षा केंद्र येवल्याला आलं. सासू रोज तिच्याबरोबर गेली आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसली. निकालाच्या दिवशी फोन आला तो सासूचाच.

"बाई, दोन राहिले. गणित अन् इंग्रजी. पण आमच्या पोराचे चार राहिले होते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

मग फोनवर मुलगी आली. तिला फेरपरीक्षेला बसायचं होतं. इंग्रजी वर्गशिक्षिका बघेल म्हणाली होती. "गणिताचं कोण सांगल, मॅडम?"

माझा विषय इतिहास. मी म्हणाले, "मी बघते."

नवऱ्याने दहावीचं गणिताचं पुस्तक आणून दिलं. दर रविवारी अकरा वाजता ती फोन करते, मागे टेम्पोचा नाहीतर कोंबड्यांचा आवाज असतो. सध्या आम्ही वर्गसमीकरणांवर आहोत. ती मला माझ्या काळातही आली नव्हती, म्हणून मी शनिवारी कोर्सवर्कवरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आधी स्वतः सोडवून बघते. मागच्या रविवारी एकाच उदाहरणाची तिची उत्तरं वेगळी आली आणि माझी वेगळी. पुस्तकात मागे पाहिलं. तिची बरोबर होती.